कॅलेंडरवरच्या फुल्या

"मोटर गेली असंल त सांगून द्या भाऊ, नवी टाकू. पण आता मशीन पुन्हा दिग्रसले नेऊ नका."

मी ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच दादा हे बोलले, आणि त्यांचं बरोबरच होतं. आठ दिवसांपूर्वी त्यांची सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन मी गाडीत टाकून दिग्रसला दुकानात आणली होती. तिथं पाणी भरून दिवसभर चालवली. उजवीकडे फिरली, डावीकडे फिरली, एकदाही अडली नाही. सैल बेल्ट ताणून घरी पोचवली, तर दुसऱ्याच दिवशी फोन आला. नुसती घूं करते, फिरत नाही.

गाव अरुणावतीच्या बाजूचं. दादांचं घर वस्तीबाहेर, शेताला लागून. डिसेंबर सरत आला होता, गहू-हरभऱ्याचं ओलित जोरात होतं. आजींना लकवा झाल्यापासून त्या घरात रोज चादरी, गोधडी, लुगडी धुवायला निघतात. वहिनी वेचणीला जाण्याआधी पहाटे ते सगळं हातानं धूत होत्या. बोंडांच्या टोकांनी त्यांच्या बोटांवर ओरखडे उठलेले, त्यातच धुण्याच्या सोड्यानं कातडी फाटलेली. आज मशीन चालू करूनच निघायचं, असं मी तिथंच ठरवलं.

मागचं झाकण खोलत होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तिचं येळेवर हाये. लाइन रातची असली त दिवसा चालते. दिवसाची असली त नुसती घूं. म्या खुणा करून ठेवल्या हायेत."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दादांनी पंपाच्या थ्री फेज लाइनच्या पाळ्या लिहिल्या होत्या, 'दि' आणि 'रा'. खाली पेन्सिलीनं वहिनींच्या फुल्या. जिथं जिथं 'दि', तिथं तिथं फुली. मागच्या खेपेला मी सगळं दादांना विचारलं, वहिनींना एक शब्दही नाही. मशीन कोण वापरतं, त्याला आधी विचारायचं असतं. ही माझी चूक होती आणि तिच्यापायी त्या माउलीला आठ दिवस जास्त हातानं धुवावं लागलं.

त्या दिवशी कॅलेंडरवर 'दि' होता. मी मीटर काढून प्लगमध्ये लावलं. 230 च्या जागी 158 व्होल्ट. हे घर आणि आजूबाजूचे पंप एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. थ्री फेज आली की सगळे पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबानं घटतो. म्हणजे 158 वर मोटरमध्ये निम्म्याहूनही कमी ताकद उरते. माझ्या दुकानात तर व्होल्टेज पुरेपूर होतं!

तरी मला एक गोष्ट खटकत होती. ड्रायर दमानं का होईना, फिरत होता. मग वॉशचीच मोटर जागची का हलत नाही? टायमर फिरवला, घूं सुरू झाली, आणि मागून पुलीला लाकडी काडीनं हलका धक्का दिला. मोटर त्या दिशेनं चालू लागली. बंद करून उलट्या दिशेनं धक्का दिला, तर तिकडेही चालली. मोटर पुरती जळालेली असती तर असं झालं नसतं. सुरुवातीचा ढकला देणारा कंडेन्सर कमजोर असावा.

प्लग काढला. कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही करंट साठलेला असतो, म्हणून आधी बल्ब लावून तो उतरवला, मगच हात लावला. तीन वायरांचा कंडेन्सर, अंगावर वॉशचे 10 आणि ड्रायरचे 5 मायक्रोफॅरड (कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) छापलेलं. ड्रायरची बाजू मीटरवर 4.9 दाखवत होती. वॉशची बाजू 6.4. पुऱ्या व्होल्टेजवर हा 6.4 सुद्धा कसाबसा काम भागवत होता. पंप सुरू झाले की त्याच्याच्यानं होत नव्हतं.

नवा कंडेन्सर टाकला. रिकामी मशीन 158 वरही फिरली. चादर टाकली तशी थांबली. दादांना ते दाखवलं आणि सांगितलं, अशी घूं करत ठेवली तर मोटरची वाइंडिंग तापून जळेल, मग खरंच नवी मोटर टाकावी लागेल. प्लगची तिसरी पिन पाहिली, बोर्डात अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती, लोंबत होती. ओल्या हातानं वापरायची मशीन, ती वायर जोडल्याशिवाय मी उठणार नव्हतो. बाहेर अर्थिंगचा रॉड होता, मीटर लावून तपासला, मग जोडली.

शेवटी बोर्डावर व्होल्टेजचे आकडे दाखवणारा छोटा इंडिकेटर बसवला आणि वहिनींना म्हटलं, "लाल आकडा 190 च्या खाली असला तर कपडे भिजत ठेवा, बटन दाबू नका." त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात '190' लिहून घेतलं. स्टॅबिलायझरची किंमत दादांनी विचारली. कापसाचे पैसे हातात आले की पाहू म्हणाले.

चार दिवसांनी दुपारी वहिनींचा फोन आला. मागून आजींच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"भाऊ, पंप बंद झाले, 204 दाखवून राह्यलं. गोधडी टाकू काय?"

"टाका वहिनी."

मी फोन ठेवला नाही. पाणी भरल्याचा आवाज आला, टायमरची करकर झाली, आणि मग गोधडी एकदा इकडे, एकदा तिकडे वळल्याचा जड आवाज.