डोमेन माझं, फोन नानांना

केशर आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायच्या म्हणून एप्रिलमध्ये एक डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेतलं. अंबाजोगाईत घरी बसून दहा मिनिटांत काम झालं. बाग नानांच्या नावावर, म्हणून फॉर्ममध्ये नाव, नंबर, पत्ता सगळं नानांचंच टाकलं. खाली 'प्रायव्हसी प्रोटेक्शन'चे जादा पैसे लावले होते, ते मी शहाण्यासारखे काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून नानांचा फोन खणखणायला लागला. "सर, वेबसाइट बनवायची का? लोगो? ॲप?" नाना सगळ्यांना एकच सांगायचे, "आपल्याला जमीन विकायची नाही." संध्याकाळी मला विचारलं, "पेपरात दिलास का रे माझा नंबर?"

पेपरातच म्हणा. डोमेन कुणाच्या नावावर आहे हे, झाकलेलं नसेल तर, हूइज नावाच्या डोमेन-मालकांच्या ऑनलाइन नोंदीत कुणीही बघू शकतो. युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहिती जपायचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून डोमेन विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या ही माहिती झाकतात. आमची झाकत नव्हती.

मुकाट पैसे भरून प्रायव्हसी घेतली. खात्यात हिरवी खूण आली, हूइजमध्ये नंबर तसाच! चॅटवर उत्तर, "४८ तास थांबा." थांबलो. मग नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळी रामकहाणी, पुन्हा ४८ तास. तिसरा म्हणाला, ब्राउझरची कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी पानं, साफ करा. मोबाइलवर केली, लॅपटॉपवर केली, शेजारच्या पोराच्या फोनवरही बघितलं. नंबर जागचा हलेना. इकडे नाना जेवता जेवता फोन उचलायचे अन् माझ्याकडे बघायचे. सहाव्या दिवशी एका पोरीनं नीट बघून सांगितलं, "सर, तुमचा ईमेलच व्हेरिफाय झालेला नाही, त्यानं अडकलंय." तो मेल स्पॅममध्ये पडला होता. क्लिक केलं, तासाभरात नंबर गायब. एवढं पहिल्याच माणसाला सांगता येत नव्हतं? तो मेल १५ दिवसांत क्लिक केला नसता तर डोमेनच बंद पडलं असतं म्हणे.

खोटं नाव-नंबर टाकायचा सल्ला मित्रानं दिला होता. तसं करू नका, माहिती खोटी निघाली तर डोमेन जाऊ शकतं. ऑर्गनायझेशनच्या रकान्यात घरच्या माणसाचं नाव नको, तो रकाना कधी कधी उघडाच राहतो. अन् डॉट इन घेणार असाल तर तिथं ही विकतची प्रायव्हसी चालत नाही.

धंद्यासाठी वेगळं सिम आधीच घ्यायला पाहिजे होतं. ज्यांनी नंबर उतरवून घेतला त्यांचे फोन नानांना अजून येतात. परवा एका लोगोवाल्याला त्यांनी पेटीचा भाव सांगितला.