जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? मीटरवरचे युनिट मोजा

जुनी डिझेल गाडी बघायला गेलं की मिस्त्री आधी बोनेट उघडतो, ऑइलची काडी ओढतो, रेस देऊन धूर बघतो. अर्ध्या तासात निकाल. इलेक्ट्रिक गाडीत ना काडी, ना धूर. मग लोक रंग बघतात, किलोमीटर बघतात, एसी लावून बघतात आणि इसार देऊन मोकळे होतात. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा मात्र पायाखालच्या बंद पेटीत, म्हणजे बॅटरीत असतो. त्याला ना पॉलिश लागत, ना डेंटिंग.

आधी नक्की कोणती पेटी आहे ते बघा. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडे जुन्या इलेक्ट्रिक एसयूव्हीत टाटाची नेक्सॉन सगळ्यात जास्त दिसते, पण त्या नावाखाली बऱ्याच बॅटऱ्या आहेत. जानेवारी २०२० ची पहिली गाडी ३०.२ किलोवॉट-अवरची (एक किलोवॉट-अवर म्हणजे मीटरवरचा एक युनिट), मे २०२२ ची मॅक्स ४०.५ ची, सप्टेंबर २०२३ नंतरच्या नव्या चेहऱ्यात ३० आणि ४०.५ अशा दोन, आणि २०२४ मध्ये आलेली ४५ ची. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० जानेवारी २०२३ पासून ३४.५ आणि ३९.४ अशा दोन बॅटरी पॅकमध्ये मिळायची. एमजी झेडएस ईव्ही २०२० ची ४४.५ ची, २०२२ नंतरची ५०.३ ची. एजंट 'मॅक्स आहे साहेब' म्हणाला तरी चॅसी नंबरवरून सर्व्हिस सेंटरमध्ये व्हेरियंट विचारून घ्या. ३० आणि ४० मधला फरक लातूरहून नांदेडला जाताना वाटेत थांबावं लागलं की कळतो.

कंपनीच्या रेंजवर भाव करू नका. ३०.२ च्या नेक्सॉनची प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. एसी लावून, चार माणसं बसवून, मोठ्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने ती कधीच मिळत नव्हती, गाडी नवीन होती तेव्हासुद्धा. त्यामुळे 'रेंज कमी झाली' ही तक्रार आणि बॅटरी खरोखर झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज मोजायची तर क्षमता मोजावी लागते, आणि ते घरच्या वीज मीटरवर होतं.

गाडी २० टक्क्यांवर आणायला सांगा. विकणाऱ्याच्याच घरी, त्याच्याच १५ अँपियरच्या सॉकेटवर, गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लावा. मीटरचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हा चार्जर साधारण ३ किलोवॉटच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रभराचं काम आहे. सकाळी १०० टक्के झाल्यावर पुन्हा रीडिंग घ्या आणि घरातल्या फ्रिज-पंख्यांचे एक-दोन युनिट वजा करा. १६ अँपियरचा छोटा प्लग-मीटर मिळाला तर वजाबाकीचीही गरज नाही.

समजा २६ युनिट गेले. चार्जिंग करताना उष्णतेत साधारण १० ते १५ टक्के वाया जातात, म्हणून बारा टक्के सोडा: २६ गुणिले ०.८८ म्हणजे २२.९. एवढी वीज ८० टक्के भरायला लागली, म्हणून ०.८ ने भागा: २८.६ किलोवॉट-अवर. ३०.२ च्या पॅकला हे उत्तम आहे, कारण पूर्ण ३०.२ वापरायला कुठलीच गाडी देत नाही, थोडा भाग राखीव असतो. तेच मीटरवर २२ च युनिट पडले तर हिशोब २४.२ वर येतो. म्हणजे ३०.२ च्या ८० टक्केच. या मोजणीत चार-पाच टक्के इकडेतिकडे होणारच, पण ९५ आणि ८० मधला फरक लपत नाही.

एक अडचण आहे. नेक्सॉनच्या बॅटरीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असतात. या सेलचं व्होल्टेज २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये जवळपास सपाट राहतं, ३.३ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे नेमके किती टक्के उरलेत हे गाडीच्या कॉम्प्युटरलाही अंदाजानेच ठरवावं लागतं. मालकाने बॅटरी टिकावी म्हणून वर्षभर ८० टक्क्यांवरच चार्जर काढला असेल, तर हा अंदाज भरकटतो आणि सेल एकमेकांशी जुळत नाहीत. अशी गाडी आकड्यांत वाईट दिसेल, पण आतून चांगली निघू शकते. म्हणून मोजणीआधी एकदा १०० टक्के चार्ज करायला लावा. १०० दिसल्यावरही चार्जर लगेच काढू नका. सेल समतोल व्हायला पुढे बराच वेळ लागतो. एक्सयूव्ही ४०० मध्ये एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल आहेत. त्यांना रोज १०० टक्क्यांवर, तेही उन्हात उभं ठेवणं मानवत नाही. तिच्या मालकाला उलटा प्रश्न विचारायचा: रोज किती टक्क्यांपर्यंत चार्ज करता आणि गाडी कुठे लावता?

दुसऱ्या दिवशी गाडी चालवा. संभाजीनगर ते जालना आणि परत, साधारण १२० किलोमीटर, सत्तर-ऐंशीच्या वेगाने, एसी चालू. ट्रिप मीटर शून्य करून निघा. परतल्यावर सरासरी १३० वॉट-अवर प्रति किलोमीटर दिसली तर १५.६ किलोवॉट-अवर खर्च झाले. २८.६ च्या पॅकमध्ये हे ५५ टक्के होतात, म्हणजे डॅशबोर्डवर ४५ च्या आसपास दिसायला हवं. ३० दिसत असेल तर रात्रीचा हिशोब आणि हा हिशोब शेजारी ठेवून पुन्हा बघा.

खरी परीक्षा त्यापुढे आहे. तशीच गाडी शहरात, चार्जर जवळ असेल अशा भागात, १० टक्क्यांपर्यंत खाली आणा आणि शेजारी बसलेल्याला आकड्यावर नजर ठेवायला सांगा. २२, २१, २० असं एकेक उतरायला हवं. १८ वरून एकदम ९ वर आलं, किंवा १५ टक्क्यांवर चढाला गाडीची ताकद गेली, तर पॅकमधला एखादा कमजोर सेल बाकीच्यांच्या आधी तळाला पोहोचतोय. पॅक सेलच्या मालिकेने बनलेला असतो, त्यामुळे एक सेल रिकामा झाला की सगळा पॅक थांबतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, चालवणारा कुणी ओळखीत असेल तर नेमकं याच क्षणी सर्वात जास्त आणि सर्वात कमी सेल व्होल्टेजमधला फरक बघायला सांगा. अर्ध्या चार्जवर उभ्या गाडीत दहा-वीस मिलिव्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका. एलएफपीचा दोष टोकाला दिसतो, मध्ये नाही.

घाटाचीही एक चक्कर मारा. बीडकडच्यांना मांजरसुंबा, धाराशिवकडच्यांना तुळजापूरचा घाट आहेच. चढताना कुठलाही लाल-पिवळा इशारा येऊ नये. उतारावर पाय काढला की गाडी स्वतःहून आवळली पाहिजे आणि चार्ज परत आला पाहिजे. मात्र १०० टक्के भरलेल्या गाडीत ही आवळणी जवळपास नसतेच, कारण वीज ठेवायला जागा नसते. त्याला बिघाड समजून भाव पाडायला जाऊ नका, समोरचा हसेल.

आता पोर्ट. फ्लॅप उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि पिनांभोवतीच्या प्लास्टिककडे बघा. ते सगळीकडे एकसारखं काळं आणि कडा धारदार असावं. एखाद्या छिद्राची कड तपकिरी, मऊ होऊन वितळल्यासारखी दिसली तर तिथे सैल संपर्काने उष्णता झाली आहे. तसंच पोर्टेबल चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगकडे बघा. पिनांच्या बुडाशी करपलेलं प्लास्टिक म्हणजे मालकाने ढिल्या सॉकेटवर महिनोन्महिने चार्जिंग केलं आहे. खालच्या दोन जाड पिना डीसी, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या. एका पंपावर नेऊन वीस मिनिटं फास्ट चार्जिंग करून बघाच. घरी नीट चार्ज होणारी गाडी डीसीवर सुरूच होत नाही, असं होऊ शकतं, कारण दोन्हींचे मार्ग वेगळे. जुन्या नेक्सॉनला तासाभरात शून्य ते ८० टक्के असा कंपनीचा दावा होता. म्हणजे ३० टक्क्यांवर लावल्यावर वीस मिनिटांत २० ते २५ टक्के वाढायला हवेत.

परभणी-नांदेडच्या त्रेचाळीस अंशांत हाच आकडा खाली येतो, आणि इथे एसीचा संबंध लागतो. द्रवाने थंड होणाऱ्या पॅकमध्ये गारवा शेवटी एसीच्याच कॉम्प्रेसरकडून येतो. 'एसीत फक्त गॅस भरायचा आहे' हे पेट्रोल गाडीत चालून जातं, इथे नाही. कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, पाइपच्या जोडांवर वाळलेले पांढरट किंवा रंगीत डाग शोधा. समोरच्या जाळीत धूळ, कापसाचे तंतू आणि उसाचं पाचट साचलेलं असेल तर उष्णता बाहेर पडायला वाट नाही.

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. आपल्याकडे मुरुमाच्या रस्त्याचे मधले उंचवटे आणि गावोगावचे मनमानी गतिरोधक बॅटरीच्या पोटाला घासतात. वरवरचे ओरखडे चालतात. खोलगट पोचा, वाकलेली कड, नव्याने मारलेला काळा रंग किंवा पेटीच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा दिसल्या तर कारण विचारा, आणि ते सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवून बघा. कंपनीने वॉरंटीत पॅक बदलून दिला असेल तर ती उलट जमेची बाजू आहे, फक्त कागद हवा. नारिंगी जाड केबल्सचं आवरण आणि बोनेटमधल्या बारीक वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का तेही बघा. शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हमखास असतं.

पुराचा प्रश्न वेगळाच. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड, धाराशिव, लातूर, नांदेडकडे पाणी गावांत शिरलं होतं. त्यानंतर स्वस्तात निघालेल्या प्रत्येक गाडीकडे संशयाने बघावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या भागावर गाळाची रेघ राहते. कार्पेटखाली हात घाला, स्टेपनीच्या खड्ड्यात बघा, सीटखालच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज शोधा. 'बॅटरी वॉटरप्रूफ आहे' असं उत्तर मिळेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, तीही नवी आणि सील शाबूत असलेली पेटी. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली नव्हे.

बाकीचं पटापट. साधी १२ व्होल्टची बॅटरी या गाडीतही असते आणि ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, गाडी रेडी असताना साडेतेरा ते साडेचौदा. टायर वजनाने आणि टॉर्कने लवकर झिजतात, बाजूवरचे चार आकडे बघा, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. ब्रेक कमी वापरले जात असल्याने डिस्क गंजतात आणि कॅलिपर अडकतात. काच खाली करून चाळीसच्या वेगाने चालवा. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं येत असेल तर ते बहुधा चाकाचं बेअरिंग असतं. अॅक्सिलरेटर सोडल्याबरोबर आवाज बदलत असेल तर गिअरबॉक्स किंवा मोटर तपासून घ्या.

कागदांत सगळ्यात आधी वॉरंटी. नेक्सॉनची बॅटरी-मोटर वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. मोजणी पहिल्या नोंदणीपासून. २०२० ची गाडी २०२८ मध्ये वॉरंटीबाहेर जाते, आणि भावात हेच सगळ्यात जास्त धरायचं. अलीकडच्या गाड्यांवरची 'आजीवन' बॅटरी वॉरंटी पहिल्या खासगी मालकापुरती असते. मालक बदलला की वर्षं-किलोमीटरची मर्यादा लागते. अधिकृत सेंटरकडून चॅसी नंबर आणि तारीख घातलेला बॅटरी हेल्थ रिपोर्ट लेखी घ्या आणि त्याच वेळी रिकॉल शिल्लक आहे का ते विचारा. डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने कोना इलेक्ट्रिकच्या ४५६ गाड्या बॅटरी तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या.

नंबर प्लेट हिरवी, अक्षरं पांढरी तर खासगी. अक्षरं पिवळी तर गाडी टॅक्सीत फिरलेली. प्लेट बदलली असेल अशी शंका आली तर आरटीओच्या नोंदीत विचारून घ्या. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, तेलंगणातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी. पीयूसी लागत नाही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. कंपनीच्या अॅपमधून जुन्या मालकाचं खातं समोर काढून घ्या, नाहीतर गाडी कुठे आहे ते त्याला दिसत राहील.

आणि इसार देण्याआधी तोच पोर्टेबल चार्जर आपल्या घरी लावून बघा. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि चार्जरवर अर्थचा लाल दिवा लागतो. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मल्टिमीटरने दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. दहा-पंधरा आले तर खड्ड्यात पाणी घाला, नाही भागलं तर नवी अर्थिंग करून घ्या. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिवा हिरवा करून देतात. पुढे डीपीकडून न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर थेट करंट येतो. विकणाऱ्याच्या घरचा सॉकेट उघडून हीच तार बघितली तर गाडी आजवर कशी चार्ज झाली तेही कळतं.