मागणी वाढली, आणि त्यांनी हात आखडता घेतला

दिवाळीला घरी जाताना मामांसाठी हिरव्या शार्त्रूझची, म्हणजे वनस्पतींपासून बनणाऱ्या एका फ्रेंच मद्याची बाटली न्यायची होती. मी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला असते; तिथल्या दुकानात विचारलं तर विक्रेता म्हणाला, संपली. पुढचा माल आला की माणशी एकच मिळेल. ज्या शार्त्रूझ डोंगररांगेत हे मद्य जन्मलं ती त्याच्या दारातून दिसत होती. मला वाटलं संप असेल, नाहीतर वाहतुकीचा काही घोळ. ऑफिसात विचारल्यावर खरं कारण कळलं. बनवणाऱ्यांनीच ठरवलंय की याहून जास्त बनवायचं नाही.

बनवणारे म्हणजे ग्रँद शार्त्रूझ मठाचे कार्थुझियन साधू, एकांतात आणि मौनात राहणारे कॅथलिक संन्यासी. जगभर कॉकटेलांमुळे या मद्याला मागणी आली, अमेरिकेत तर उड्या पडायला लागल्या, आणि नेमकं तेव्हा, 2021 मध्ये, त्यांनी उत्पादनाला मर्यादा घातली. वर्षाला साधारण 16 लाख बाटल्या, बस्स. 2023 च्या सुरुवातीला व्यापाऱ्यांना पत्र गेलं, तेव्हा बाहेर बोंब झाली. कारण साधं दिलंय: आमचं मुख्य काम एकांत आणि प्रार्थना. उत्पादन वाढवत नेलं तर त्यालाच वेळ उरणार नाही, आणि निसर्गावरही ताण येईल.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. मी चिपच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे आलेख वर गेला नाही की बैठक लागते. आणि इथे, कामावरून घरी जाताना दिसणाऱ्या डोंगरात, मागणी दारात उभी असताना कुणी शांतपणे नाही म्हणतं.

यांचा इतिहास पाहिला की नकाराचं नवल वाटत नाही. 1084 साली ब्रुनो नावाचे कोलोनचे विद्वान सहा सोबत्यांना घेऊन ग्रेनोबलचे बिशप ह्यूग यांच्याकडे आले, आणि बिशपांनी त्यांना ही दुर्गम, बर्फाळ जागा दाखवली. 1132 मध्ये हिमस्खलनात मूळ मठ गाडला गेला, काही साधू दगावले. मग थोडं खाली नवा बांधला. तो पुन्हापुन्हा जळाला; आज दिसतो तो बराचसा 1676 च्या आगीनंतरचा. पोटासाठी या लोकांनी गुरं पाळली, लोखंडही गाळलं. मद्य फार नंतर आलं. 1605 मध्ये द'एस्त्रे नावाच्या मार्शलने पॅरिसजवळच्या कार्थुझियनांना एका औषधी अर्काची हस्तलिखित कृती दिली. ती इतकी किचकट होती की 1737 मध्ये जेरोम मोबेक या साधूने ती मठात बसवली, तेव्हा कुठे अर्क तयार झाला. 130 वनस्पती, 69 टक्के अल्कोहोल. हा अर्क आजही लाकडी वेष्टनातल्या चिमुकल्या बाटलीत मिळतो, आणि साखरेच्या खड्यावर थेंब टाकून घेतात. त्यातूनच पुढे 55 टक्क्यांची हिरवी शार्त्रूझ निघाली आणि 1838 मध्ये सौम्य पिवळी.

मला सगळ्यात भिडते ती 1903 ची हकीकत. तेव्हाच्या फ्रेंच सरकारने धार्मिक संघांविरुद्ध मोहीम काढली होती. सैनिक पाठवून साधूंना मठातून बाहेर काढलं. मालमत्ता जप्त, ब्रँडही जप्त, आणि तो विकूनही टाकला. नाव हातात आलं, पण कृती कुणाकडे होती? ती साधूंबरोबर स्पेनला, तारागोनाला गेली आणि तिथे त्यांची भट्टी पुन्हा पेटली. इकडे नव्या कंपनीने शार्त्रूझच्या नावाने स्वतःचं काहीतरी विकायला काढलं. परदेशी कोर्टांत खटले चालले. 1911 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नावाचा हक्क साधूंचा मानला. फ्रान्समधली ती कंपनी 1929 मध्ये बुडाली. तेव्हा जवळच्या वोइरॉन गावाच्या भागातल्या मंडळींनी तिचे मातीमोल झालेले शेअर विकत घेतले आणि साधूंना भेट दिले. सव्वीस वर्षांनी माल मूळ धन्याकडे आला. मग 1935 मध्ये दरड कोसळून फूर्व्वारीची भट्टी उद्ध्वस्त झाली आणि काम वोइरॉनला हलवावं लागलं. आता ते एग्न्वारला चालतं.

ज्यांनी एवढं सोसलं, त्यांना अमेरिकेतल्या बारवाल्यांच्या घाईने काय फरक पडणार?

मठात कुणाला सोडत नाहीत. खाली कोरेरीच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे, तिथे साधूची खोली जशीच्या तशी मांडलीये. मी त्या खोलीत बराच वेळ उभी होते. लाकडी पेटीसारखा पलंग, खिडकीशी जेवायचं एकट्याचं टेबल, प्रार्थनेचं आसन. खाली सुतारकामाची जागा आणि लाकडाची रास, बाहेर भिंतीआड चिमूटभर बाग. दाराशेजारी भिंतीत एक खिडकी असते. बाहेरून डबा आत ठेवतात, आतला उघडून घेतो, दोघांची नजरानजर होत नाही. मांस कधीच नाही. मध्यरात्री उठून प्रार्थना. आठवड्यातून एकदा सगळे मिळून डोंगरात लांब फिरायला जातात आणि तेव्हा भरपूर बोलतात.

कृती सांभाळायचं काम एका वेळी दोघातिघांकडेच असतं. वाळलेल्या वनस्पती मठात येतात, तिथेच मोजून मिसळतात आणि पोती भट्टीला जातात. बाटल्या भरणं, विक्री, जाहिरात हे 1970 पासून बाहेरच्या कंपनीकडे सोपवलंय. तिच्यातही सूत्रं मठाचीच.

हे कौतुक इथले सहकारी मला ऐकवतात तेव्हा मात्र राहवत नाही. जणू संयम म्हणजे याच डोंगरात उगवलेली वनस्पती! मी पुण्याची. आमच्याकडे दुकानांवर पाटी असते, ‘आमची कोठेही शाखा नाही’, आणि दुपारी एक ते चार शटर खाली. तिच्यावर आयुष्यभर विनोद ऐकले. आता मला ते दुकानदार शहाणे वाटतात. ठरल्या मापाचा माल, तो संपला की दिवस संपला, दुपारी घरी जेवण. शार्त्रूझच्या साधूंनी केलं की ते तत्त्वज्ञान आणि सदाशिव पेठेत झालं की आळस, हे मला मान्य नाही. नऊशे वर्षांचं मौन आणि दुपारची झोप एका तराजूत घालू नये, हे कळतं. तरी घालते.

आणि खरं सांगायचं तर यात माझाही हिशोब आहे. गेल्या वर्षी मला टीम सांभाळायची जागा देऊ केली होती, ती मी घेतली नाही. पगार वाढला असता; संध्याकाळ गेली असती, शनिवारचा डोंगर गेला असता. मामा फोनवर म्हणाले, "अगं, एवढ्या लांब गेलीस ती कशाला मग?" आई माळकरी, ती काही बोलली नाही, पण गप्प बसली हेही कळलं. मामांना मी आता या साधूंचं उदाहरण देते. ते म्हणतात, त्यांना ना घरकर्ज, ना पोरंबाळं. बरोबर आहे. पण गरज संपली कुठे हे ठरवायचा हक्क फक्त संन्याशांना असतो, असं मी मानत नाही.

इकडे येणाऱ्यांसाठी: वोइरॉनची तळघरं बघायला मिळतात, तिथे गर्दी असते. त्यापेक्षा कोरेरीहून मठाच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत चालत जा, किंवा पायांत जोर असेल तर 2026 मीटरचा ग्राँ सोम चढा. वरून सबंध मठ दिसतो: काळसर उतरत्या छपरांचं गावच, आणि एकाशेजारी एक भिंती घातलेल्या बागा. मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर शांतता पाळा असे फलक आहेत, गाड्यांना बंदी आहे. ते मनावर घ्या. मागच्या उन्हाळ्यात तिथे एक कुटुंब स्पीकरवर व्हिडिओ कॉल करत चाललं होतं, चक्क मराठीत. मी थांबवून सांगितलं. काकू रागावल्या, म्हणाल्या, आत काय ऐकू जातंय? पुन्हा कुणी भेटलं तर पुन्हा सांगेन.