पुढे रस्ता नाही

सायकलवर सामान लादून दोन-तीन दिवस निवांत भटकायचं असेल, तर पुण्याच्या पश्चिमेला रस्ता निवडायची एक सोपी खूण आहे. फाट्यावरच्या टपरीत विचारावं, "हा रस्ता पुढं कुठं निघतो?" उत्तर 'माणगावला' किंवा 'महाडला' असं आलं, तर चहा संपवून सायकल वळवावी. "कुठंच नाही हो, पुढं कडाच आहे," असं कुणी जरा कीव करत म्हणालं, की तो आपला रस्ता.

ही सगळी कातळाची करामत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारा शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचं विवर आपल्याकडे नाही. आपल्याकडे पायऱ्या आहेत. या लाव्हाच्या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. पुण्याकडून निघालेली खोरी पश्चिमेला सावकाश चढत जातात आणि घाटमाथ्यावर पोचली की समोरची जमीनच संपते. तिथून कोकण कित्येक शे मीटर खाली. बैल आणि माणसं नाळेनं, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरत आली, पण मोटारीला नाळ कशी उतरता येणार? ताम्हिणी, वरंध असे घाट जिथं फोडले तिथं गाड्यांची रांग लागली. उरलेली खोरी पिशवीसारखी: तोंड पुण्याकडे, बूड कड्याशी शिवलेलं. पानशेत धरणाच्या पाण्याकडेनं घोळ गावाकडे जाणारा रस्ता असा आहे. वेल्ह्याहून केळदकडे निघालं तरी मढे घाटाच्या तोंडाशी डांबर संपतं आणि खाली उतरते ती पायवाट.

सोपा चढ कसा असतो ते बघायचं, तर जर्मनीतल्या आयफेलच्या ज्वालामुखी टापूत दाऊन ते बेर्नकास्टेल-कूस असा सुमारे ५८ किलोमीटरचा खास सायकलमार्ग आहे. तो जुन्या रेल्वेच्या वाटेवर केलेला, त्यामुळे चढ अगदी सौम्य. आगगाडीला उभा चढ झेपत नाही. १८६३ साली सुरू झालेल्या आपल्या बोरघाटातल्या रेल्वेचा चढसुद्धा ३७ला १, म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के आहे. खोऱ्यातल्या रस्त्यावर असली दयामाया नाही. धरणात जुन्या वाटा बुडाल्या, म्हणून नवा रस्ता डोंगराच्या पोटातून काढला. तो प्रत्येक ओढ्यासाठी घळीत शिरतो आणि प्रत्येक सोंडेसाठी वर चढतो. समोरचं गाव पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतं आणि चाकाखालून मात्र दहा किलोमीटर जातात. नकाशावर हा रस्ता 'पाण्याच्या कडेनं' म्हणून सपाट वाटतो, आणि नवखे इथंच फसतात. ३० मीटरचे २० चढ झाले की ६०० मीटर होतात. म्हणजे अख्खा सिंहगड झाला, फक्त वर पोचल्यावर पिठलं-भाकरी नाही.

म्हणून गिअर. पुण्यात विकत मिळणाऱ्या बऱ्याच हायब्रिड सायकली रिकाम्या चालवायला उत्तम असतात. मागं १२ किलो लादलं की त्यांचं पितळ उघडं पडतं. पॅडलजवळच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या चाकाच्या चक्राला २८ असं सगळ्यात हलकं गणित असेल, तर पॅडलचे मिनिटाला ६० फेरे राखायला ताशी साडेनऊ किलोमीटर वेग लागतो. दहा टक्के चढावर, माणूस-सायकल-सामान मिळून ९५ किलो ओढताना तो वेग अडीचशे वॉटच्या आसपास ताकद मागतो. तेवढी दिवसभर कुणाकडे असते? वेग पडला की फेरे ४०वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. पुढं २६ आणि मागं ३४ असेल, तर तेच ६० फेरे ताशी सहाला जमतात. शेजारून चालणारी म्हातारी "बसा की जरा" म्हणते, पण गुडघे शाबूत राहतात.

चढ एकसारखा नसतो, हेही त्या थरांमुळेच. घट्ट कातळाचा थर कडा होऊन उभा राहतो, त्याच्यावरचा ठिसूळ थर झिजून पदर होतो. रस्ताही तसाच: एक उभा टप्पा, मग पदरात जरा सपाटी, पुन्हा टप्पा. सपाटी येणार हे ठाऊक असलं की उभ्या टप्प्यात दम जपून वापरता येतो. गिअर मात्र वळणाआधीच उतरवून ठेवावा. भर चढात, चेनवर पूर्ण ताण असताना बदलायला गेलं की ती कडकन उडी मारते, आणि कधी तुटतेसुद्धा. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी विटेसारखा लाल मातकट पट्टा दिसतो. तो पाणी सहज खाली जाऊ देत नाही; वरच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्याच्यावरून बाहेर येतं. रस्त्याच्या कापलेल्या बाजूला असा पट्टा दिसला, की पुढच्या वळणावर ओल, शेवाळ किंवा खड्डा असणार असं धरून चालावं.

पंक्चरचाही भूगोल आहे. पुण्याच्या पूर्वेला, सासवडकडे, बाभळीचे काटे आणि सराटे. पश्चिमेच्या पावसाळी खोऱ्यात ते कमी. तिथं वैरी म्हणजे खडी. ताजी फोडलेली बेसाल्टची कपची ब्लेडसारखी असते आणि टायरची बाजूच कापते. सामान असेल तर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायर हवेत, हवेचा दाब मागं ५५-६० पीएसआय, पुढं ४५. हवा कमी ठेवली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. फार ठासली तर सायकल खडीवर नाचते. टायर कापला गेलाच, तर दुधाच्या पिशवीची चौघडी टायर आणि ट्यूबच्या मधे सरकवावी, ती गावापर्यंत नेते. पॅच निघून येतो तो बहुधा घाईमुळे. सोल्युशन लावल्यावर पाच मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. गावात पंक्चरचं दुकान असतं, पण तिथला हवेचा नोझल मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा. आपला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर नखाएवढा पितळी अडॅप्टर खिशात हवा. तो घरी विसरतो, हा जवळजवळ नियमच आहे.

कॅरिअरचे बोल्ट रोज रात्री तपासावेत. पाच मिलिमीटरचे हे बोल्ट हादऱ्यानं सैल होतात. एक पडला की उरलेल्यांवर भार येतो, आणि मग फ्रेममधल्या आट्याच खराब होतात. चार नंबरची अ‍ॅलन की आणि दोन जादा बोल्ट, एवढंच ओझं.

उतारावर बाकी सगळं सोपं, ब्रेक सोडून. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर रबर दाबणारे, असतील तर ते सतत दाबून धरू नयेत. रिम तापते आणि ट्यूबचा जीव जातो. वळणाआधी जोरात दाबून वेग पाडावा, मग पूर्ण सोडावा. पावसात ब्रेकच्या रबरात कातळाचे कण रुततात आणि रिम खरवडतात. कर्रकर्र आवाज आला की थांबून सेफ्टी पिननं ते उकरून काढावेत. वळणावर सुटी खडी पसरलेली दिसली, तर तिच्यावर शिरायच्या आधीच वेग कमी करून ब्रेक सोडायचा आणि हँडल सरळ ठेवायचं.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. भात कापलेलं असतं, ओढ्यांत अजून पाणी असतं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार या भागात सायकलवाल्याने विसरून जावेत. धबधबा बघायला गाड्या कड्यापर्यंत येतात आणि पिशवीचं तोंडच बंद होतं. मार्चनंतर काळा कातळ तव्यासारखा तापतो, तीन लिटर पाणीही पुरत नाही. त्या दिवसांत एकच सोय होते. दुपार कलली की कोकणातून वारा वर येतो आणि पुण्याकडे परतणाऱ्याच्या पाठीशी लागतो. हा वारा खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत छान साथ देतो. रविवारी संध्याकाळी मात्र तिथं भजी आणि कणसांसाठी थांबलेल्या मोटारी हलत नाहीत. त्यामुळे रविवारची रात्र खोऱ्यातच काढावी आणि सोमवारी पहाटे निघावं. ऑफिसात काय सांगायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.