तुम्ही विचारलंत म्हणून: रेडियमचं घड्याळ मी का उघडत नाही

"आजोबांचं घड्याळ आहे, नुसतं साफ करायचंय. अंधारात चमकतही नाही आता. मग का घेत नाही?" महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतंच. वर "काम येत नाही का?" हेही ऐकवतात.

येतं. चाळीस वर्षं केलंय.

जुन्या घड्याळांच्या आकड्या-काट्यांवरच्या रंगात रेडियम असायचं, म्हणजे किरणोत्सारी धातू; त्याच्या किरणांनी रंगातली झिंक सल्फाइडची पूड चमकायची. चमक जाते, कारण ते झिंक सल्फाइड निकामी होतं. रेडियम तिथंच असतं. ते निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. गाडीमागे चिकटवतात त्या 'रेडियम'शी याचा संबंध नाही. मी म्हणतोय ते १९६०च्या दशकापर्यंतच्या डायलबद्दल. घड्याळाचं झाकण लागलेलं असेपर्यंत भीती कमी. उघडलं की वाळलेल्या रंगाचा भुगा सुटतो आणि नाकातोंडात जातो.

१९८४ साली मी सतरा वर्षांचा होतो. एक जुनं लष्करी घड्याळ आलं होतं, काट्यांतल्या रंगाचे पोपडे निघालेले. अण्णा म्हणाले, "खरवड." मी सुईनं खरवडलं. वर्तमानपत्रावर तपकिरी भुगा पडला, तो फुंकर मारून उडवला. समोर अण्णांचा डबा उघडा होता, पिठलं-भाकरीचा. मग त्याच काट्यांत त्यांनी नवा रंग भरला. दर वेळी ब्रश ओठांत धरून टोक काढायचे. मला ती त्यांची हातोटी वाटायची.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी डायलवर रेडियमचा रंग लावायचा कारखाना होता. तिथं १९१७ पासून मुलींना ब्रशचं टोक असंच ओठांनी काढायला शिकवलं होतं. रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं; त्यांचे जबडे सडले. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी खटला भरला, १९२८ मध्ये तडजोड झाली. हे मी वाचलं २००३ ला. अण्णा १९९६ लाच गेले होते, जबड्याच्या कॅन्सरनं.

डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, अण्णांनी मान हलवली. तंबाखूच असेल. दिवसाला दोन पुड्या खायचे, मी कशाला दुसरं कारण शोधू? पण ब्रशचं कोणी विचारलं नाही आणि मला तेव्हा सांगायचं सुचलं नाही. ती फुंकर तर माझीच होती.

आणि खरं सांगायचं तर, वाचल्यानंतरही मी तसली तीन घड्याळं उघडली. मुलीची फी भरायची होती. मास्क लावला, ओल्या कापडानं टेबल पुसलं आणि पुरेसं झालं असं स्वतःला समजावलं. आज त्या माणसाशी भांडतो, तर तो विचारतो, "फी कुठून आणली असतीस?"

तुमचं घड्याळ परत देताना काच हलत नाही ना, एवढं बघतो. मागचं झाकण मात्र मी उघडणार नाही.