पौषातलं माळशेज: ठाण्याहून सायकलने

माळशेज म्हटलं की आपल्याकडे सगळे पावसात पळतात. सायकलवाल्याने मात्र थंडीतच जावं. धबधबे आटलेले असतात हे खरं, पण दरडींची धास्ती नसते आणि आडवारी घाटात गर्दीही नसते. ठाण्याहून अंतर शंभरेक किलोमीटर.

आम्ही तिघे पहाटे चारला माजिवड्याहून निघालो. इतक्या लवकर निघायचं कारण थंडी नव्हे, कंटेनर. खारेगाव, मानकोली, रांजणोली हा सगळा पट्टा भिवंडीच्या गोदामांचा. तिथे वाहतूक कधी झोपतच नाही. मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट नसेल तर हा रस्ता घेऊच नका. कोनगाववरून दुर्गाडीचा पूल ओलांडून शहाड मागे टाकलं की जिवात जीव येतो. घाटाची भीती सगळे घालतात, पण या प्रवासातला खरा वाईट तुकडा हाच.

रायत्याला उल्हास नदीवर धुकं असं बसलं होतं की पुढच्या सायकलचा दिवा तेवढा दिसत होता. हातमोज्यांच्या लोकरीवर दवाचे टपोरे थेंब, आणि आत बोटं बधिर. लोकरीवर पातळ रबरी हातमोजे चढवा, फरक पडतो. मुरबाडला मिसळ खाऊन घ्या, रोख पैसे काढा आणि ट्यूब जास्तीची आहे ना ते बघा. टोकावड्याच्या पुढे पंक्चरवाल्याच्या भरवशावर राहू नका. पौष पौर्णिमेच्या सुमारास जाणार असाल तर मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा असते. गुरांचे टेम्पो आणि माणसं यांनी मुरबाड भरून जातं. तिथली घोंगडी घ्यायचा मोह होईल, पण वजन तुम्हालाच ओढायचंय.

वैशाखऱ्यानंतर डावीउजवीकडे कडे उभे राहतात. मोरोशीला भैरवगडाखाली पाणी भरून घ्या. घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. चढ लांब आहे, अंगावर येणारा नाही. हलक्या गिअरवर बसून राहिलं की चढतो माणूस. कठड्यावरच्या माकडांना केळी दिसू देऊ नका. आमच्यातल्या एकाची हँडलची पिशवी चेनसकट उघडली गेली, तीही अगदी शिस्तीत.

मुक्काम खुबी फाट्यावरून आत, पिंपळगाव जोगे धरणाच्या बाजूला झाडीतल्या एका लाकडी खोलीत होता. फोटोत झकास दिसते. रात्री मात्र फळ्यांच्या फटींतून वारा शिट्टी घालतो, आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेत गारठा घाटमाथ्यापेक्षा जास्त साचतो. त्यामुळे स्लीपिंग बॅग हवीच, पांघरुणं मिळतील असं सांगितलं तरी. आम्ही शेगडी आत ओढायला लागलो तशी जेवण देणाऱ्या मावशी ओरडल्या, "आत नका घेऊ रे पोरांनो, दार लावून झोपाल नि सकाळी उठणार नाही!" कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, पण बंद खोलीत जीव घेतो, हे त्यांना नीट माहीत होतं. जेवणात मासवडी आणि बाजरीची भाकरी होती. आधी सांगून ठेवलं तरच मिळते, कारण मासवडीला वेळ लागतो. अंधार पडल्यावर एकट्याने फिरू नका. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे.

परतीचं गणित वाऱ्यावर ठरवा. थंडीत सकाळी वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे जाताना तो तोंडावर आणि येताना पाठीवर. दुपारनंतर खाडीकडचा वारा सुटला की कल्याणपासून पुढे दम निघतो. तेव्हा उजाडल्या उजाडल्या निघा. फक्त उतरताना चढापेक्षा दुप्पट कपडे घाला: जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र घडी करून घातलं तर वारा लागत नाही. दवाने रिम ओली असते, त्यामुळे पहिल्या वळणाआधी ब्रेक दोनतीनदा दाबून कोरडे करून घ्या. आणि साखळीला आदल्या रात्रीच तेल द्या, सकाळी गारठलेल्या बोटांना बाटलीचं झाकणही उघडत नाही.