बोट लागली का गं?

गेल्या आठवड्यात वादळामुळे इथे शेटलंडला लागोपाठ दोन दिवस बोट आली नाही. पहिल्या संध्याकाळीच दुकानातलं दूध, ब्रेड आणि केळी संपली. तो रिकाम्या फळ्यांचा फोटो मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि ठाण्याच्या चुलतभावाचा लगेच मेसेज आला, ‘एवढ्या श्रीमंत देशात साधा पाव मिळत नाही? मग कशाला गेलीस?’

मला ते फार लागलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही वर, उत्तर समुद्रातली बेटं. वस्ती साधारण तेवीस हजार. आपल्याकडे नवी मुंबईतल्या एखाद्या सेक्टरात मावेल एवढी. लरविक या मुख्य गावातून ॲबर्डीनला जायला बोटीला अख्खी रात्र लागते, बारा तासांच्या वर. प्रवासी बोटी आहेतच, पण खरा संसार चालतो तो हेलियर आणि हिल्डसे या दोन मालवाहू बोटींवर. त्यात ट्रकचे ट्रेलर चढवतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा सोबत येत नाही, धक्क्यावर दुसरी गाडी ट्रेलर ओढून नेते. पीठ, खतं, औषधं, सिमेंट, गाड्यांचे सुटे भाग, हॉस्पिटलातल्या माझ्या वॉर्डातली साधी पट्टीसुद्धा, सगळं समुद्रावरून येतं.

आणि हे एकतर्फी नाही. इथून सामन मासा, शिंपले, ताजी मासळी त्याच बोटींनी बाहेर जाते. मासळीला एक रात्र उशीर झाला की भाव पडतो. शरद ऋतूत कोकरांचा आणि गुरांचा हंगाम येतो, त्यांच्यासाठी पाण्याची आणि हवेची सोय असलेले खास पिंजरे आहेत. त्या दिवसांत बोटीतल्या एकेका जागेसाठी ओढाताण चालते. म्हणजे बोट रद्द झाली की आमचा पाव येत नाही एवढंच घडत नाही, इथल्या माणसाची कमाईही धक्क्यावरच पडून राहते.

बोट रद्द होण्याचं कारण पुष्कळदा आमच्याकडच्या समुद्रात नसतंच. ॲबर्डीन बंदराचं तोंड अरुंद आहे. लाटा वाढल्या की तिथून आत-बाहेर करणं धोक्याचं होतं आणि मग मोठी, मजबूत बोटसुद्धा थांबून राहते. लोकांना हे ठाऊक आहे, म्हणून कुणी आरडाओरडा करत नाही. त्या संध्याकाळी दुकानात शेवटचे चार पाव उरले होते आणि रांगेतल्या प्रत्येकाने एकेकच घेतला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सकाळी न सांगता दाराशी बटाटे आणि अंडी आणून ठेवली. हे मी फोटोत पाठवू शकले नाही.

माझा राग आहे तो मुख्य भूमीवरच्या ऑनलाइन दुकानांवर. एकाच देशाच्या एकाच टपालखात्याचा पिनकोड असूनही ‘बेटांवर पाठवत नाही’ असं सरळ सांगतात, नाहीतर वस्तूपेक्षा जास्त वाहतूक खर्च लावतात. पाच किलो तांदळावर तांदळाइतकाच खर्च! ज्या माणसांच्या मासळीवर बाहेरची हॉटेलं चालतात, त्यांच्याकडून हे पैसे घेताना कुणाला काही वाटत नाही.

आता चुलतभावासाठी. बाबा रे, ठाणंसुद्धा साष्टी बेटावरच आहे. पूल आणि रूळ इतके झाले की ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा, अटल सेतू २०२४ चा. अटल सेतूचा मला मनापासून अभिमान आहे, इथे सगळ्यांना त्याचे फोटो दाखवून झालेत. पण गेटवेसमोरच्या घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती २०१८ साली. तिथली माणसं आजही किराणा स्वतः लाँचमध्ये घालून आणतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की अडकून पडतात. शेटलंडला मुख्य भूमीच्या वीजजाळ्याशी जोडणारी समुद्राखालची केबलही सुरू झाली २०२४ मध्येच, त्याआधी बराचसा भार डिझेलवर होता. तेव्हा कुणी कुणाला हसू नये. फरक एवढाच की इथे बोटसेवेसाठी सरकार पैसे घालतं आणि बोट चुकली की मंत्र्याला जाब विचारला जातो. तेवढं आपल्याकडेही व्हावं असं वाटणं म्हणजे देशाला नावं ठेवणं नव्हे.

हे सगळं घरात एकाच माणसाला पहिल्या झटक्यात कळलं, आमच्या आण्णांना. आण्णा माथाडी. बाजार मशीद बंदराहून वाशीला हलला तसे तेही कोपरखैरण्यात आले. आयुष्यभर दाणाबाजारात पोती उचलली. घाटात गाडी अडकली की गाळ्यावर काय होतं ते त्यांना कुणी शिकवायला नको. आता रोज फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘बोट लागली का गं? आवक किती?’

परवा त्यांनी विचारलं, ‘भाडं वजनावर घेतात का नगावर?’ मी चौकशी करून सांगितलं, ‘आण्णा, गाडीच्या लांबीवर. जितके मीटर जागा अडेल तितके पैसे.’ ते एकदम भडकले. ‘म्हणजे अर्धी रिकामी गाडी आन् गच्च भरलेली गाडी, दोघांना एकच दर? मग बारक्या दुकानदारानं काय करायचं?’ मी म्हटलं, ‘वाहतूकदार चार-पाच दुकानदारांचा माल एका ट्रेलरमध्ये भरतात.’

‘आन् त्यात तुझा तांदूळ का बसत नाही?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी लरविकच्या एका वाहतूकदाराच्या ऑफिसात जाऊन विचारलं. त्याच्या ॲबर्डीनच्या गोदामात माल पोचवला तर तो पुढे आणतो, आणि ते ऑनलाइनच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं. हॉस्पिटलातल्या मल्याळी आणि फिलिपिनो मैत्रिणींना विचारलंय. सगळ्यांचा मिळून तांदूळ, डाळी आणि पीठ एकत्र मागवणार आहोत, कोकरांचा हंगाम सुरू व्हायच्या आत. यादी आण्णांना वाचून दाखवली. त्यांनी पोती पंचवीस किलोचीच घ्यायला सांगितलीत, तुम्हा पोरींना उचलता येतील म्हणाले.